लॉटरीचं तिकीट घेताना: शक्यता कशी मोजायची, बक्षीस कसं वसूल करायचं

नंबर निवडण्यात वेळ घालवण्यापेक्षा आधी बक्षिसांचा तक्ता वाचा. सिरीज किती आणि नंबर किती अंकी, हे बघा. समजा सिरीज १० आणि नंबर पाच अंकी. ००००० ते ९९९९९ म्हणजे १ लाख नंबर, गुणिले १०, एकूण १० लाख तिकिटं. पहिलं बक्षीस एकच असेल तर शक्यता १० लाखांत एक. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांच्या घरात होती. पाळण्यातल्या पोरापासून सगळ्यांना एकेक तिकीट दिलं, तरी पहिल्या बक्षिसाचे मानकरी सरासरी तिघंच.

आता सगळ्या बक्षिसांची बेरीज करून एकूण तिकिटांनी भागा. समजा बेरीज ५ कोटी आली. ५ कोटी भागिले १० लाख, म्हणजे एका तिकिटामागे सरासरी ५० रुपये. तिकीट १०० रुपयांचं असेल तर निम्मे पैसे घेतानाच गेले. पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच काढणार का, हेही तपासा; नाहीतर ते न विकलेल्या तिकिटालाही लागू शकतं.

सेट, म्हणजे एकाच नंबरची सगळ्या सिरीजची तिकिटं घेणाऱ्यांची चूक नेहमीची आहे. शेवटचे चार अंक जुळल्यावर बक्षीस असेल आणि असे १० नंबर काढले जात असतील, तर शक्यता हजारात एक. एकच नंबर दहाही सिरीजमध्ये घेतला तरी ती तेवढीच राहते; लागली तर दहाही लागतात, नाहीतर दहाही जातात. शेवटचे चार अंक वेगळे असलेली दहा तिकिटं घेतली तर ती शंभरात एक होते. पहिल्या बक्षिसाची शक्यता दोन्हीकडे सारखीच. ‘हा आकडा बरेच दिवस आला नाही’ या हिशेबाला काडीचा आधार नाही.

१९९८ च्या केंद्रीय कायद्याने एका अंकावर बक्षीस देता येत नाही. त्यामुळे कोणी ‘सिंगल’ लावायला सांगितलं तर तो मटका समजा. तिथे पैसे बुडाले तर दाद मागायची सोय नाही.

नंबर लागला तर अधिकृत निकालाशी सिरीजसकट जुळवा. तिकिटामागे नाव, पत्ता, सही करा, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका. महाराष्ट्र राज्य लॉटरीत दहा हजारांपर्यंतची रक्कम विक्रेत्याकडे मिळते. त्यावरच्या रकमेसाठी वाशीच्या राज्य लॉटरी कार्यालयात मुदतीत दावा करावा लागतो. तिथे ३० टक्के टीडीएस कापतात: ५ लाखांचे हातात साडेतीन लाख. वर या दीड लाख करावरच्या ४ टक्के सेसचे (उपकराचे) ६ हजार रिटर्न भरताना ठेवा. तिकिटांचा खर्च यातून वजा होत नाही.

कर बक्षिसातूनच कापला जातो. फोनवर ‘आधी टॅक्स भरा’ असं कोणी म्हणालं तर पैसे पाठवू नका. गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.