एअर रायफलचा स्वस्त स्कोप रोज झिरो सोडायचा, तो कसा थांबवला (माझा अनुभव)

आम्ही तासगावकडचे, द्राक्षबागेच्या बांधाला मातीचा ढीग करून त्यावर पुठ्ठा लावून .१७७ च्या (साडेचार मिमी छर्ऱ्याच्या) स्प्रिंगवाल्या एअर रायफलने टार्गेट मारतो. फक्त पुठ्ठाच, पाखरू नाय की ससा नाय, शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि मला ते पटतं पण.

तर स्वस्तातला ४×३२ स्कोप (नेम धरायची दुर्बीण, चारपट मोठं दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची) घेतला, २५ मीटरवर झिरो केला, म्हणजे नेम धरला तिथंच छर्रा लागेल असा जुळवला, की दहा-पंधरा छर्ऱ्यांनंतर नेम परत वर-खाली. मी नुसता टरेट (स्कोपवरचा नेम जुळवायचा खटका) फिरवत बसलो, एक क्लिक म्हणजे पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), २५ मीटरवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, आणि इथं छर्रा तीन बोटं लांब पडतोय, मग क्लिकनं काय होणार.

शेवटी रेलवर (रायफलीवरची खाचेची पट्टी, जिच्यावर स्कोप बसतो) पेन्सिलने रेघ मारली आणि वीस छर्रे मारले, बघतो तर माउंटच (स्कोप रेलला धरून ठेवणारी पकड) मागं सरकलेला! स्प्रिंग रायफल आधी मागं आणि पिस्टन आपटला की पुढं असे दोन झटके देते, त्यात स्कोप मागं सरकतो.

दोन तुकड्यांचे माउंट काढून स्टॉप पिनचा (रेलवर अडकून माउंट सरकू न देणारी पिन) एकसलग माउंट घेतला, ११ मिमी रेलवरचं तेल पुसून काढलं, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले. नेम तेव्हापासून हललेला नाय.

आणि हो, घेताना पुढची रिंग फिरवून १० मीटरवर फोकस होणाराच घ्या, १०० यार्डवर फिक्स असलेल्यात जवळचं धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की नेमपण हलतो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.