आवडती कथा पुन्हा पाहताना पात्रांचा स्वभावप्रकार ठरवताय? या चुका टाळा

कथा दुसऱ्यांदा पाहताना पुढे काय होणार याची धाकधूक उरलेली नसते, त्यामुळे लक्ष आपोआप माणसांकडे जातं. कोण कुठे गप्प बसलं, कोणी कोणाचं बोलणं तोडलं, पेच आल्यावर आधी कोण पुढे सरसावलं, हे सगळं आता दिसायला लागतं. पात्रांचे स्वभाव वाचायला याहून चांगली वेळ नाही. तरीही निष्कर्ष पुष्कळदा चुकतो, कारण प्रकार आधी मनात पक्का होतो आणि पुरावे नंतर जमवले जातात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या उलट्या क्रमात आहे.

शेवट माहीत असल्याचा परिणाम विसरणं

पुन्हा पाहण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच सगळ्यात मोठा धोकाही आहे. शेवटच्या भागात एखादा मित्र दगा देतो. दुसऱ्या वेळी पाहताना त्याचं पहिल्या भागातलं साधं हसूसुद्धा कपटी वाटू लागतं आणि आपण लिहून मोकळे होतो, ‘मुळातच हिशेबी’. घटना घडून गेल्यावर ती आधीपासून अटळच होती असं वाटण्याचा हा कल मानसशास्त्रात चांगला अभ्यासलेला आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये त्यावर प्रयोग प्रसिद्ध केले.

उपाय सोपा आहे, पण दर वेळी करावा लागतो. प्रसंग सुरू झाला की पॉज करा आणि वहीत एक ओळ लिहा: ‘या क्षणी पात्राला काय माहीत आहे?’ मग निर्णय फक्त तेवढ्या माहितीवर तोला. दगा द्यायचं त्याने अजून ठरवलंच नसेल, तर ते हसू पुरावा म्हणून चालत नाही. त्याने ते आधीच ठरवलेलं होतं आणि फक्त प्रेक्षकापासून लपवलं होतं असं कथेतून सिद्ध होत असेल, तर मात्र दुसऱ्या वेळचं वाचन पहिल्यापेक्षा खरं ठरतं. गुपित नेमकं कोणापासून होतं, पात्रापासून की आपल्यापासून, हे प्रत्येक वेळी तपासा.

तीन पद्धतींची खिचडी

‘तो अंतर्मुख आहे, म्हणजे एनिअग्राममध्ये पाच नंबर’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. इथे ‘अंतर्मुख’ हा शब्द सोळा प्रकारांच्या पद्धतीतला (एमबीटीआय) आणि नंबर एनिअग्रामचा, आणि या दोन पद्धती वेगवेगळे प्रश्न विचारतात. सोळा प्रकारांच्या पद्धतीचं मूळ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या प्रकारांत आहे. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली घडवली. माणूस माहिती कशी घेतो आणि निर्णय कशाच्या आधारे करतो, हा तिचा प्रश्न. एनिअग्रामचे नऊ प्रकार कृतीमागची भीती आणि ओढ शोधतात. तिसरी पद्धत, बिग फाइव्ह, मुळात प्रकार सांगतच नाही. ती पाच गुणांच्या पट्ट्या देते: अनुभवांसाठी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो, आणि बहुतेक माणसं मधल्या भागात असतात. संशोधनात याच पद्धतीला सर्वाधिक आधार आहे.

म्हणून एका वेळी एकच पद्धत धरा. नवख्याने बिग फाइव्हपासून सुरुवात करावी. ‘अ की ब’ असा निवाडा न करता कमी, मध्यम, जास्त एवढंच लिहायचं असतं, त्यामुळे खोटी खात्री वाढत नाही. पाचांपैकी बहिर्मुखता बाहेरून सगळ्यात सहज ओळखू येते आणि भावनिक अस्थिरता त्या मानाने अवघड जाते. पडद्यावर मात्र क्लोजअपमुळे आतली घालमेल इतकी जवळून दिसते, की शांत पात्रालाही आपण अस्थिर ठरवून बसतो. अशा वेळी एक प्रश्न विचारा: त्याच खोलीतल्या दुसऱ्या माणसाला ही घालमेल दिसली असती का?

अक्षरांचा फार सोपा अर्थ लावणं

सोळा प्रकारांच्या पद्धतीत प्रत्येक प्रकाराचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं असतं. त्यात रडणारं पात्र ‘एफ’ (फीलिंग), कोरडं बोलणारं ‘टी’ (थिंकिंग) आणि टेबल नीटनेटकं ठेवणारं ‘जे’ (जजिंग) असा हिशेब लावला जातो. तिन्ही चूक. ‘टी’ आणि ‘एफ’ हे निर्णयाचे निकष आहेत, भावनांचं प्रमाण नव्हे. तर्काने निर्णय घेणारा माणूस ढसाढसा रडू शकतो. मूल्यांवर निर्णय घेणारी बाई कमालीची कठोर असू शकते, कारण तिच्या मूल्याला धक्का लागलेला असतो.

शेवटच्या अक्षराबद्दल तर फारच गोंधळ आहे. निर्णयाची बाजू बाहेरच्या जगाकडे वळलेली असेल तर ‘जे’, माहिती घेण्याची बाजू वळलेली असेल तर ‘पी’ (परसीव्हिंग). म्हणूनच आयएनएफजे आणि आयएनएफपी (‘आय’ म्हणजे अंतर्मुख, ‘एन’ म्हणजे अंतर्ज्ञान) यांच्यात फरक एकाच अक्षराचा असला, तरी मनोव्यापारांचा क्रम पूर्ण बदलतो. पहिल्यात अंतर्मुख अंतर्ज्ञान पुढे आणि त्याला बहिर्मुख भावनेची साथ. दुसऱ्यात अंतर्मुख भावना पुढे आणि साथीला बहिर्मुख अंतर्ज्ञान. हा फरक पाहायचा असेल तर गटात मतभेद होतात तो प्रसंग निवडा. पात्र आधी खोलीतला ताण हेरतं, कोण दुखावलंय ते पाहतं आणि सगळ्यांना झेपेल अशा भाषेत बोलतं, की ‘मला हे पटत नाही’ एवढ्यावर ठाम राहतं, मग खोलीचं काहीही होवो? असे तीन-चार प्रसंग एकाच बाजूला गेले तर कौल देता येतो. एका प्रसंगावर तो देऊ नका.

कॅमेऱ्याचं काम पात्राच्या खात्यात टाकणं

ही चूक अनुभवी प्रेक्षकही करतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांचा संकलनाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला आणि प्रेक्षकांनी त्यात कधी भूक वाचली, कधी दुःख. चेहरा बदलला नव्हता, शेजारचं चित्र बदललं होतं. आपण पाहतो त्या प्रत्येक कथेत हेच चाललेलं असतं, आणि त्यात संगीत, प्रकाश, कपडे यांची भर पडते.

यातून तीन ठरावीक फसवणुकी होतात. पहिली, नायक हमखास अंतर्मुख वाटतो. कथा त्याच्या मागे चालते म्हणून तो एकटा असतानाची दृश्यं आपल्याला दिसतात. सहायक पात्रं मात्र चारचौघांतच भेटतात आणि बहिर्मुख वाटतात. दुसरी, निवेदन. पात्राच्या आवाजात मनातलं ऐकू येऊ लागलं की ते चिंतनशील वाटतं, मग ते प्रत्यक्षात कितीही उतावीळ असो. निवेदनातलं वाक्य आणि त्याच प्रसंगातली कृती शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जुळत नसतील तर कृतीला जास्त वजन द्या, आणि ती विसंगतीही टिपा, कारण स्वतःबद्दलचा गैरसमज हासुद्धा स्वभावाचा भाग असतो. तिसरी, तुलना. गंभीर माणसाशेजारी बसवलेला साधा बोलका माणूस भलताच उथळ दिसतो. जोडी फोडून, दोघं वेगवेगळ्या लोकांबरोबर असतानाची दृश्यं शोधा.

संशय आला की दोन मिनिटांचा प्रसंग तीनदा पाहा. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज पूर्ण बंद करून, एकदा पडद्याकडे न पाहता फक्त ऐकून. आवाज बंद केल्यावर ‘धूर्त’ वाटणारा माणूस नुसता थकलेला दिसला, तर तो धूर्तपणा पार्श्वसंगीताचा होता. डब केलेली आवृत्ती यासाठी वापरू नका. संवाद ओठांच्या हालचालींना बसवताना कापले-जोडले जातात आणि आवाज दुसऱ्याच कलाकाराचा असतो. मूळ आवाज आणि सबटायटल्स बरे.

परिस्थितीला स्वभाव समजणं

माणसाच्या वागण्याचं कारण शोधताना आपण परिस्थितीला कमी आणि स्वभावाला जास्त श्रेय देतो. जोन्स आणि हॅरिस यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की लेखकाला बाजू नेमून दिली होती हे माहीत असूनही वाचक ते मत त्याचंच आहे असं धरून चालतात. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या कलाला नाव दिलं आणि तेव्हापासून तो सामाजिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. थरारपटात सगळेच संशयी असतात, युद्धकथेत सगळेच सावध. त्यावरून प्रकार ठरवला तर पूर्ण कथेतल्या माणसांना एकच लेबल लागेल.

इथे वहीचा खरा उपयोग होतो. पान आडवं धरून पाच रकाने आखा: वेळ (भाग आणि मिनिट), परिस्थिती, पात्राने काय केलं, दुसरं काय करता आलं असतं, आणि त्याची किंमत काय मोजली. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद बाद करा. दुसरा पर्यायच नसेल तर त्या कृतीतून स्वभाव कळत नाही. मुख्य पात्रासाठी बारा ते पंधरा नोंदी पुरतात, पण त्या पाच प्रकारच्या प्रसंगांतून यायला हव्यात: निवांत असताना, घाईत असताना, वरचढ माणसासमोर, आपल्यापेक्षा दुबळ्या माणसासमोर आणि एकटं असताना. एखादा गुण यातल्या निदान तीन प्रकारांत दिसला आणि निदान एकदा त्यासाठी पात्राने काहीतरी गमावलं, तरच तो पक्का माना. फुकटात दाखवलेला प्रामाणिकपणा आणि नोकरी घालवून पाळलेला प्रामाणिकपणा यांना सारखं वजन देता येत नाही.

नोंदी परस्परविरोधी आल्या तर घाबरू नका, पुसूही नका. ‘वरिष्ठांसमोर नमतो, धाकट्यांसमोर गुरकावतो’ ही एक पक्की रचना आहे. वॉल्टर मिशेल आणि युइची शोडा यांनी १९९५ मध्ये स्वभावाची मांडणी अशाच ‘जर असं, तर तसं’ जोड्यांमधून केली होती. पुष्कळदा ती जोडीच चार अक्षरांपेक्षा जास्त सांगून जाते.

लेखक बदलला, आपण नोंद एकच ठेवली

लांबलेल्या मालिकांमध्ये पात्र अनेकांच्या हातून जातं. पहिला भाग बरेचदा बाकी मालिकेच्या आधी, चाचणी म्हणून चित्रित झालेला असतो आणि त्यातलं पात्र पुढच्या पात्रापेक्षा वेगळं असू शकतं. विनोदी मालिकांत उलटं घडतं. सुरुवातीला किंचित विसराळू असलेला माणूस चौथ्या-पाचव्या सीझनपर्यंत निव्वळ विसराळूपणा होऊन उरतो, कारण त्याच गोष्टीवर हशा मिळतो. प्रत्येक सीझनला वेगळं पान द्या आणि नंतर पानं जुळवून पाहा.

पात्रात खरा बदल झाला की लेखकांनी दिशा बदलली, हे दोन खुणांवरून कळतं. खऱ्या बदलाचं कारण पडद्यावर घडलेलं असतं, आणि पात्र दमलं किंवा घाबरलं की जुनी सवय डोकं वर काढते. दोन्ही खुणा नसतील तर दोन सीझनसाठी दोन वेगळे निष्कर्ष लिहायला हरकत नाही. चित्रपटाच्या एकाहून जास्त आवृत्त्या असतील तर कोणती पाहिली ते पानाच्या माथ्यावर टिपा. कापलेल्या एका दृश्याने निष्कर्ष फिरतो.

अडलं तर काय करायचं

सगळेच प्रकार लागू पडतात असं वाटत असेल, तर वर्णनं फार ढोबळ आहेत. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णनातलं प्रत्येक वाक्य त्याच कथेतल्या दुसऱ्या पात्राला लावून पाहा. तितकंच बसलं तर ते वाक्य खोडा.

दोन प्रकारांत बरोबरी झाली तर आणखी पुरावे जमवण्याऐवजी, जिथे दोन प्रकार वेगळे वागले असते असा प्रसंग शोधा. एनिअग्राममधले दोन आणि नऊ, दोघेही मदत करताना दिसतात. मदत नाकारली गेली तो क्षण पाहा. दोन नंबरचं माणूस दुखावतं आणि पुन्हा गरज भासेल अशी जागा शोधतं. नऊ नंबरच्या माणसाला बहुधा हायसं वाटतं, कारण वाद टळलेला असतो.

काहीच बसत नसेल, तर पात्रच सपाट लिहिलेलं असण्याची शक्यता धरा. निरोप आणणारा, धमकी देणारा, नायकाला शहाणपण सांगणारा, यांना कथेत काम दिलेलं असतं, स्वभाव नव्हे. तिथे पान कोरं सोडणं हे बरोबर उत्तर आहे. विचित्र वागणाऱ्या पात्राला आजाराचं नाव चिकटवणं मात्र टाळाच. निदानासाठी लागतो तो इतिहास पडद्यावर नसतो, आणि तोच आजार घेऊन जगणारी माणसं आपलं लिहिलेलं वाचत असतात.

पात्र आपल्यासारखंच आहे असं वाटलं तर त्याच्याबद्दलच्या नोंदी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आवडत्या पात्राचे दोष आपण परिस्थितीवर ढकलतो आणि नावडत्याचे स्वभावावर, हा भेद आपल्याच दोन पानांची तुलना केली की दिसतो.

मित्राचा निष्कर्ष वेगळा आला तर प्रकारांवर वाद घालत बसू नका. दोघांच्या वह्यांमधला एकच समाईक प्रसंग निवडा, तो पुन्हा लावा आणि फक्त तिसरा रकाना, म्हणजे ‘काय केलं’, दोघांनी स्वतंत्रपणे भरा. पुष्कळदा फरक तिथेच सापडतो: एकाने ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने ‘टाळलं’. ‘टाळलं’ हा अर्थ आहे, तो खोडून पुन्हा कृती लिहा आणि मग पुढच्या प्रसंगाकडे वळा.