इंजिनिअरकडे मॅनेजर म्हणून पाहिले जावे यासाठी

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीतील कारखाना असो की तिथल्याच मिहानमधील सॉफ्टवेअर कंपनी, इंजिनिअरच्या बढतीचा विषय निघाला की वरिष्ठांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘माणूस कामाचा आहे, पण माणसे सांभाळेल का?’ ही शंका अगदीच निराधार नसते. गूगलने 2002 साली इंजिनिअरिंगमधील मॅनेजर हटवून पाहिले आणि काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळला. पुढे त्याच कंपनीने चांगल्या मॅनेजरचे आठ गुण शोधले, तेव्हा तांत्रिक ज्ञान आठव्या क्रमांकावर आले.

म्हणून पहिली दुरुस्ती बोलण्यात करावी. सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेड विचारतात, ‘लाइन कधी सुरू होणार?’ आणि इंजिनिअर बेअरिंग का गेले, शाफ्टचे अलाइनमेंट कसे बिघडले, हे सांगत बसतो. त्याऐवजी ‘तीनपर्यंत सुरू होईल, तोवर तातडीची ऑर्डर दोन नंबरच्या लाइनवर घेऊ, रात्रपाळीत एक माणूस जास्त लागेल’ असे म्हटले, तर वेळ, माल आणि माणसे या तिन्हींचा हिशेब त्यात येतो. बेअरिंगची कथा नंतर मेलवर पाठवावी. ज्यांना रस आहे ते वाचतील.

दुसरी दुरुस्ती अवघड आहे, कारण ती अभिमानाला लागते. रात्री दोन वाजता मशीन बंद पडले की ज्याच्यावाचून अडते, त्याला वर घ्यायला साहेब कचरतात. मग मशीन कोण पाहणार, हा त्यांचा रास्त प्रश्न असतो. मी स्वतः अशाच कौतुकात एका प्लांटच्या मेंटेनन्समध्ये चार वर्षे अडकून पडलो होतो. सुटलो तो बिघाडांची वही इतरांना कळेल अशी लिहून, दोन ज्युनिअरांना हाताशी धरून आणि ऐन मे महिन्यात, चिलर म्हणजे थंडावा देणारी यंत्रे सर्वांत जास्त कुरकुरतात तेव्हा, मुद्दाम आठ दिवस रजा घेऊन. त्या आठ दिवसांत फोन दोनदाच वाजला.

नागपुरात 2015 पासून आयआयएम आहे, त्यामुळे एमबीएचा मोह होतो. पण पदवीने बाहेरची दारे उघडतात, आपल्या साहेबांचे मत त्याने बदलेलच असे नाही.

आपली इच्छा मात्र स्पष्ट सांगावी, आणि तीही मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म भरताना नव्हे, तर दिवाळीनंतर लगेच. पद मागू नये. शिफ्टचे वेळापत्रक, ट्रेनींची एक तुकडी किंवा ओव्हरटाइमचा हिशेब, यांपैकी एक काम सहा महिन्यांसाठी मागून घ्यावे.