नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत ड्युटी आणि घरी तान्हं बाळ? मग एचआरकडे जायच्या आधी हे वाचा

रजा संपवून कामावर गेले आणि तिसऱ्याच दिवशी स्टोअररूममधे खोक्यांच्या मागे उभं राहून दूध काढायची वेळ आली, दाराला कडी नव्हती म्हणून मैत्रीण बाहेर पाठ लावून उभी. तेव्हापासून जी विचारेल तिला सांगते, आपला हक्क काय ते आधी बघा आणि मागायचं ते लेखी मागा.

रजेचं बघा. डिलिव्हरीच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस भरले असतील तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा मिळते, 2017 च्या आधी 12 च मिळायची. त्यातले डिलिव्हरीआधी जास्तीत जास्त 8 घेता येतात. पगारातून ईएसआय (म्हणजे कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर हे पैसे ईएसआयकडून येतात, त्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून सातव्या महिन्यातच कागद गोळा करा, शेवटच्या आठवड्यात सातपूरला ईएसआयच्या ऑफिसात खेटे घालणं होत नाही.

आता पाळणाघर, आणि इथेच सगळे गप्प बसतात. 50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाता येतं, जेवणाची सुट्टी त्यातच धरून. शिवाय बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन ब्रेक वेगळे. "घरी सासूबाई आहेत ना" असं कोणी म्हटलं तर शांतपणे सांगायचं की सर, सोय कंपनीने करायची असते. एकटीने जाऊ नका, चार-पाच जणी मिळून सह्या करा. युनिट छोटं असेल तर शेजारच्या युनिटवाल्यांशी बोलून एकत्र पाळणाघर काढता येतं, मला तर हाच सगळ्यात चांगला मार्ग वाटतो.

शिफ्टसाठी मात्र नुसतं "अ‍ॅडजस्ट करा" म्हणू नका, सुपरवायझरला नेमकं काही हातात द्या. म्हणजे सहा महिने फक्त फर्स्ट शिफ्ट, बदल्यात महिन्याचे दोन रविवार मी येते, आणि अमुक सहकारी बदली करायला तयार आहे, असं. ऑफिसचं काम असेल तर रजेनंतर घरून काम करायचंही कायद्यात आहे, पण ते दोघांच्या संमतीने, तेव्हा कोणती कामं घरून होतील ते लिहूनच न्या.

बाळाच्या बाबांनो, तुम्हीसुद्धा रजा मागा. केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस मिळतात, खाजगीत कायदा नाही, पण कोणी अर्जच केला नाही तर पॉलिसी बनणार कशी?

अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत घरच्या फाईलला लावा.