क्लच सेट नवीन टाकला तरी गिअर पडत नाही? गिअरबॉक्स परत उतरवायच्या आधी हे करा

क्लच सेट बदलला, गाडी खाली घेतली, इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ पडतात पण स्टार्ट केली की पहिला जात नाही आणि रिव्हर्सला कर्रर्र आवाज. म्हणजे क्लच सुटत नाहीये, पेडल दाबलं तरी इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. अशा वेळी जो तो येऊन सांगतो, प्लेट उलटी बसली असणार, उतरव परत. ऐकू नका. मी ऐकलं होतं. कळव्याला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, भर जुलैत, मेव्हण्याला मदतीला घेऊन गिअरबॉक्स परत दोनदा उतरवला आणि दोन्ही वेळा प्लेट सरळच होती. हवा होती क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये, बाकी काही नाही.

तर आधी पायाखालची जाड मॅट काढा, पेडल पूर्ण खाली जातंय का बघा. नसेल जात तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

मग क्लच खरंच सुटत नाहीये याची खात्री करा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि पुढचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या. इंजिन बंद, पहिला गिअर, कोणीतरी पेडल दाबून धरायचं आणि तुम्ही ते चाक हाताने फिरवायचं. फिरलं तर क्लच सुटतोय, नाही फिरलं तर नाही. दोन्ही चाकं उचलू नका, कारण मग डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) एक चाक पुढे फिरवलं की दुसरं उलटं फिरतं आणि तुम्हाला वाटतं क्लच सुटला.

आता फोर्क, म्हणजे क्लचचं बेअरिंग ढकलणारा दांडा, पुरेसा हलतोय का बघा. स्लेव्ह सिलेंडर (गिअरबॉक्सकडचा, तेलाच्या दाबाने फोर्क ढकलणारा) बाहेरून दिसत असेल तर पेडल दाबताना त्याचा रॉड किती सरकतो ते पट्टी लावून मोजा. गाडीप्रमाणे फरक पडतो, पण साधारण १२ मिमीच्या आसपास सरकायला हवा. ५-६ मिमीच सरकत असेल तर दोष बाहेर आहे, गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. केबलवाली गाडी असेल, मारुती ८०० किंवा जुनी अल्टो, तर गिअरबॉक्सकडचा नट फिरवून मॅन्युअलप्रमाणे फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, सेट करा, काम झालं. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच असेल तर मोजता येत नाही, मग पेडल भराभर ६-७ वेळा मारून लगेच गिअर टाकून बघा. तेव्हा पडला आणि थोड्या वेळाने परत अडला तर बहुतेक हवा आहे. पेडल दाबून धरलं की गाडी हळूहळू पुढे सरकायला लागते आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलेंडरचं (पेडलकडचा, तेल ढकलणारा) सील गेलंय, तिथे हवा काढत बसू नका, मास्टर बदला.

हवा काढणं. इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. सगळे सांगतात तसं पेडल दाब, निपल (स्लेव्हकडचा हवा काढायचा छोटा स्क्रू) उघड, निपल बंद, पेडल सोड, हे ब्रेकला छान चालतं. क्लचला नेहमी चालत नाही, कारण पेडलच्या एका दाबात जेमतेम चमचाभर तेल सरकतं आणि पाइप मध्येच कुठेतरी वर वळलेला असतो, बुडबुडा थोडा पुढे जातो आणि पेडल सोडलं की परत त्याच उंच वळणावर जाऊन बसतो. मी एकदा पाऊण लिटर तेल असं घालवलं आणि पेडल तसंच मऊ.

हवा वर जाते, तर तेलही खालून वर ढकला. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी घ्या, क्लचच्या तेलाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच नवीन तेल, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. वरच्या टाकीतलं थोडं तेल आधी काढून घ्या, नाहीतर ओसंडेल. सिरिंज आणि नळीतली हवा पूर्ण काढा, मगच निपल उघडून एकदम सावकाश ढकला, टाकीत बुडबुडे येताना दिसतील. बुडबुडे थांबले की सिरिंज दाबून धरूनच निपल बंद करा. हे ब्रेकचंच तेल असतं, रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आणखी एक, पुष्कळ गाड्यांत क्लचला तेल ब्रेकच्याच टाकीतून जातं आणि क्लचचं तोंड टाकीत वरच्या बाजूला असतं. लेव्हल थोडी खाली गेली की ब्रेक ठीक राहतो पण क्लच परत हवा ओढतो. त्यामुळे काम झाल्यावर टाकी मॅक्सपर्यंत भरा. आणि स्लेव्ह खोलून बाहेर काढलेला असताना पेडलला कोणी पाय लावू देऊ नका, पिस्टन बाहेर येतो.

रॉड पूर्ण सरकतोय आणि तरीही चाक फिरत नाही, तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा. फोर्क बॉलवर बसलाय का आणि बेअरिंग फोर्कमध्ये आहे का बघा. प्लेटवर फ्लायव्हील साइड (इंजिनच्या चाकाकडची बाजू) छापलेलं असतं, जर्मन कंपनीची असेल तर कधीकधी गेट्रीबेझायटे, म्हणजे गिअरबॉक्सकडची बाजू. प्लेट वाकलेली असेल तर गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकलं होतं, बहुतेक वेळा हेच कारण. अशी प्लेट सरळ करू नका, नवीन टाका. खाली जॅक लावल्याशिवाय गिअरबॉक्स चढवायचा नाही, दोन माणसं धरायला असली तरी.

सगळं नीट झालं की ठाण्यात घोडबंदरला गायमुखच्या चढाकडे किंवा जवळच्या अशाच चढाकडे ट्रॅफिकमधून अर्धा तास चालवून आणा, गरम झाल्यावर रिव्हर्स शांतपणे पडला पाहिजे. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी स्टार्ट करायच्या आधी रॉड परत मोजा. २-३ मिमी कमी भरला तर आधी गळती बघा, गळती नसेल तर राहिलेले बारीक बुडबुडे एकत्र आलेत, सिरिंज एकदा अजून लावा.