आजवरच्या गाड्यांचा हिशोब कसा लावायचा : कोणती कामाले आली, कोणीनं बुडवलं

पारावर चार जण बसले की गाडीचा विषय निघतोच, आणि प्रत्येकाची गेलेली गाडी सगळ्यात चांगली असते. "माह्या गाडीनं कधी दगा नाही देल्ला," असं छातीवर हात ठेवून सांगतात. अरे बाबू, तुले तं आम्ही दर महिन्याले ते गाडी ढकलतानी पाह्यलं ना! माझंही तेच होतं म्हणा. मी दहा वर्षं लोकायले सांगत फिरलो की माझी ती पांढरी, लांबलचक डिझेल गाडी म्हणजे एक नंबर आणि तिच्या आधीची जीप म्हणजे खटारा. मागच्या दिवाळीत घर झाडतानी माळ्यावर जुन्या कॅलेंडरचा गठ्ठा सापडला, कागद पेन घेऊन बसलो, आणि संध्याकाळपर्यंत सगळं उलटं झालं. पुढची गाडी घ्यायच्या आधी हा हिशोब प्रत्येकानं एकदा लावून पाहावा म्हणून कसा लावायचा ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे पुरावा गोळा करा, आठवणीवर जाऊ नका, आठवण लबाड असते. आपल्याकडे बिलं कोणी सांभाळत नाही हे खरं, पण भिंतीवरचं कालनिर्णय सांभाळतात. आमच्या घरी दुधाचा, कापूस वेचणीवाल्या बायांच्या मजुरीचा, सिलिंडरचा, सगळा हिशोब त्या तारखांच्या चौकोनात असतो. माझ्या २०१६ च्या कॅलेंडरात जुलैचं पान काढलं तं बायकोच्या अक्षरात "दूध १॥", त्याच्या खाली "गाडी ग्यारेज", मग दुसऱ्या दिवशी पुन्हा "गाडी ग्यारेज", असं करत करत सलग नऊ चौकोन, आणि दहाव्यात नुसती एक आडवी रेघ. तिनं लिहायचाच कंटाळा केला. त्या रेघेनं मले जेवढं समजलं तेवढं कोणत्याच बिलानं नाही. कॅलेंडर नसेल तं बँकेचं पासबुक, मोबाईलमधले फोटो (बंद पडलेल्या गाडीचा फोटो प्रत्येकाकडे असतोच), आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे मिस्त्री. आपण विसरतो, त्यानं काय काय खोललं ते तो विसरत नाही.

आता वहीचं एक पान एका गाडीले द्या. कितीला घेतली, कितीला विकली, किती महिने वापरली. घेतल्याच्या किमतीतून विकल्याची वजा करा आणि महिन्यांनी भागा, ही झाली महिन्याची घट. मग दुरुस्तीचा एकूण खर्च काढून तोही महिन्यांनी भागा. डिझेल-पेट्रोल आणि इन्शुरन्स यात धरू नका, ते सगळ्याच गाड्यांना लागतं आणि त्यात मुद्दा हरवून जातो.

माझे आकडे देतो, लाजायचं काय त्यात. पहिली छोटी पेट्रोल गाडी २००४ ला ८५ हजारात सेकंडहँड घेतली, २०१० ला ४० हजारात देली. ४५ हजार भागिले ७२ महिने, म्हणजे महिन्याले ६२५. दुरुस्ती ५४ हजार, म्हणजे ७५०. एकूण १,३७५. जीप ५ वर्षं होती, १ लाख ५५ हजाराची ९५ हजाराले गेली, दुरुस्ती ९० हजार, एकूण महिन्याले अडीच हजार. आणि ती लांबलचक? २०१५ ला ३ लाख ४० हजार मोजले, २०१८ ला १ लाख ३० हजारात कशीबशी गळ्यातून काढली, वरून दुरुस्ती १ लाख ४४ हजार. ३६ महिन्यांनी भागलं तं महिन्याले ९,८३३ रुपये! मी कॅल्क्युलेटरवर तीन खेपा करून पाह्यलं. बायको म्हणे, "काय झालं, तोंड काहून उतरलं?" मी म्हटलं काही नाही, आणि वही मिटून ठेवली.

पण नुसत्या पैशावर निकाल लावू नका. तिसरा रकाना करा, "उभी किती दिवस". आणि चौथा, जो मले सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, "कामाच्या दिवशी". म्हणजे ज्या दिवशी गाडी लागणारच होती त्या दिवशी ती चालली का. दवाखाना, परीक्षा, लग्नाचा बस्ता, बियाणं आणायचा दिवस, मौत. बाकी ३०० दिवस गाडी उभी राह्यली तरी चालते हो, एसटी आहे, मोटारसायकल आहे.

या रकान्यात जीपनं मले खोटं पाडलं. तिचा आवाज असा की गावात शिरायच्या आधी घरच्यांनी चहा ठेवावा, पाट्यांवर बसून कंबर मोडायची, पावसाळ्यात पडद्यातून पाणी आत. पण काळ्या मातीची पांदण, पहिल्या पावसानंतर जिथं बैलबंडीचं चाक अर्धं जाते, तिथून ती शेजारच्या काकूले साप चावला तेव्हा रात्री अकरा वाजता निघाली आणि पाऊण तासात सरकारी दवाखान्यात पोचली. काकू आजही शेतात निंदायले जाते. बैल विकले त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी बाबानं गोठ्यातली जुनी झूल काढून जीपच्या बोनेटवर टाकली, आरशाला बेगड लावलं, हळद-कुंकू केलं. आम्ही हसलो तं म्हणे, "हसता काहून बे? वखर नाही वढत, बाकी काय करत नाही थे?" हे काही हिशोबात बसत नाही, पण पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

आणि लांबलचकीचा कामाचा दिवस ऐका. नागपूरहून पुतणीच्या लग्नाचा बस्ता घेऊन येत होतो, गाडीत मी, वहिनी, दोन बाया आणि ६० हजाराचे कपडे. वर्धा मागं टाकलं, कळंब जवळ आलं, वहिनी म्हणे चिंतामणीचं दर्शन घेऊन जाऊ, आणि तेवढ्यात खटकन आवाज होऊन इंजिन मेलं. सेल्फ मारला तं इंजिन नुसतं हलकं हलकं फिरते, दम लागतच नाही. टायमिंग बेल्ट तुटला होता. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, या बेल्टनं पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल बांधलेला असतो. बऱ्याच इंजिनात बेल्ट तुटला की उघडे राह्यलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, मग हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावंच लागते. पिकअपले दोर बांधून यवतमाळपर्यंत ओढत आणली. दर्शन झालं, पण रस्त्यावरूनच हात जोडून.

मिस्त्रीनं विचारलं, बेल्ट कधी बदलला? मी म्हटलं मीटर तं ६२ हजार दाखवते, अजून टाइम आहे. तो हसला, ब्रेक पेडलचं रबर दाखवलं. एका बाजूनं घासून गुळगुळीत, खालचं लोखंड दिसत होतं. मग चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा रेकॉर्ड काढला तं शेवटची नोंदच १ लाख ३८ हजार किलोमीटरची. म्हणजे विकणाऱ्यानं मीटर मागं फिरवलं होतं, आणि मी रंग पाहून, एसी थंड लागला म्हणून, सौदा केला होता. चूक त्याची होतीच, पण मी घ्यायच्या आधी वाकून एकदा पेडलही पाह्यलं नाही ना.

म्हणून जुन्या गाड्यांच्या पानांवरून पुढच्या गाडीचे प्रश्न काढायचे, या सगळ्या खटाटोपाचा फायदा तोच. माझ्या वहीतून निघालेले असे :

मीटरवर विश्वास नाही. पेडलचं रबर, स्टेअरिंगचा वरचा भाग, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, हे तिन्ही पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २२१९ असेल तं टायर २०१९ च्या बाविसाव्या आठवड्यातला. २०१९ चीच गाडी, म्हणे फक्त ४० हजार चालली आणि टायर मात्र दोनदा बदललेले, असं काही दिसलं की उठून चहा प्यायचा आणि घरी यायचं. सर्व्हिसचा रेकॉर्ड मागा, देत नसेल तं समजून जा. बेल्ट आहे की चेन तेही विचारा, बेल्ट असेल आणि बदलल्याचं बिल नसेल तं बदलायचा खर्च किमतीतून कापूनच बोला.

गाडी पाहायले सकाळी जा आणि आधीच फोन करून सांगा की सुरू करून ठेवू नको. थंड इंजिन खरं बोलते. ऑइलचं झाकण खोला, आतून दुधाच्या चहासारखा चिकटा लागला असेल तं पाणी ऑइलमध्ये जाऊन राह्यलं असू शकते, हेड गॅसकेटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळून राह्यलं, रिंग-पिस्टनचा खर्च. आणि रेडिएटरचं झाकण, थंड असतानीच बरं का, खोलून आत पाहा. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, रंग दिसला पाहिजे. आपल्याकडे लोक सरळ बोअरचं पाणी टाकतात, त्यातले क्षार आत थर धरतात, हिवाळ्यात काही समजत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला की घाटात काटा लालमध्ये. नागपूरले २०१३ च्या मे मध्ये ४७.९ लागले होते, तेव्हा गाडी घेतानी आपला उन्हाळा डोक्यात ठेवूनच घ्या.

उन्हावरून आठवलं, जुनी कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी मिळत असेल, स्वस्त असेल, तरी दुपारी फिरणाऱ्यानं विचार करावा. इंजिनजवळच्या पेट्रोल पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. माझ्या त्या पहिल्या छोट्या गाडीसोबत मी चार उन्हाळे दुपट्टा आणि पाण्याची कॅन घेऊन फिरलो, बाभळीच्या सावलीत थांबायचं, ओला दुपट्टा पंपावर टाकायचा, वीस मिनिटं शेंगदाणे खायचे, की चालू. नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांत पंप सहसा टाकीतच असतो, तिथं हा त्रास जवळजवळ नाहीच.

पार्ट कुठं मिळतो ते गाडीच्या आधी पाहा. तालुक्याच्या दुकानात जाऊन नुसतं विचारायचं, या गाडीची क्लचप्लेट आहे का. "आहे" म्हणाला तं गाडी घ्या, "नागपूरहून मागवून देतो" म्हणाला तं माझा तो २०१६ चा, "गाडी ग्यारेज"वाला जुलै आठवा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ बनत राह्यली, ओम्नी व्हॅन १९८४ ते २०१९, आणि दोघींचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन एकाच घरातलं, म्हणून आजही गावच्या मिस्त्रीले ते डोळे मिटून खोलता येते. मी २०१८ ला लांबलचक काढून २०१० ची व्हॅन घेतली ती याच एका कारणानं, आणि सात वर्षांत तिचा महिना दीड हजाराच्या थोडासा वर बसून राह्यला. दिसायले डबा आहे, मान्य. पण मागचं सीट काढलं की सोयाबीनचं बियाणं आन् खताच्या थैल्या बसतात, लावलं की माणसं.

विकतानीचा धडा जीपनं शिकवला. स्टँपपेपरवर सही घेऊन देऊन टाकली, नाव बदलायचं घेणाऱ्यानं करतो म्हटलं आणि केलं नाही. वर्षभरानं पोलीस स्टेशनवरून फोन मलेच. नशीब, किरकोळ होतं. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० स्वतः भरून, पावती हातात घेऊनच चावी द्या, आणि गाडीवर कर्ज होतं तं बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१८ साली हेच सांगितलं. "माणूस ओळखीचा आहे" हे कोर्टात चालत नाही.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी स्वस्त दिसते, तिथंही कागद मोजा. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांनी नवी करावी लागते. कारसाठी ही फी आधी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, वरून आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. ५० हजारात गाडी भेटली म्हणून नाचणाऱ्यानं हे आधी जोडावं.

एक राह्यलंच, उंदीर. गोठ्यात सोयाबीनची पोती आणि बाजूले गाडी असेल तं वायरिंग खाणारच. रात्री बोनेट उघडं ठेवा, अंधार आणि ऊब नसली की ते बसत नाहीत. तंबाखूच्या पुड्याही ठेवून पाह्यल्या, त्या उंदरायनं नाही, सालदारानं नेल्या.

आता या महिन्यात व्हॅनची आरसी संपून राह्यली आहे. ती नवी करायचा फॉर्म २५ भरला, नवीन नंबरप्लेट बसवली, गाडी दाखवायले यवतमाळले न्यायची आहे. फक्त डावा आरसा बंडीच्या जुवानं उडवला तो बसवायचा आहे. मिस्त्रीले फोन केला तं म्हणे, "आहे ना दुकानात, आणा गाडी. पण येतानी तुरीच्या शेंगा आणजा थोड्या."