घर विकायला काढताय? फोटोग्राफर निवडताना या चुका टाळा

बडोद्यात घर विकायला काढलं की माणसं वकिलाला विचारतात, वास्तुवाल्याला विचारतात, चार दलालांकडून भाव काढतात, आणि फोटोचं मात्र "आपल्या ओळखीचा एक पोरगा आहे, त्याच्याकडे भारी कॅमेरा आहे" यावर सोडून देतात. मी रीसेलचं, म्हणजे जुन्या घरांच्या फेरविक्रीचं काम करते, गोत्री, वासणा-भायली, मांजलपूर, कारेलीबाग या बाजूला, आणि तेच तेच घोळ बघून खरंच जीव तुटतो, कारण घर चांगलं असतं, भाव बरोबर असतो आणि तरी फोन येत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे फोन येतात, माणसं बघायला येतात आणि पाच मिनिटांत चपला घालून निघतात.

इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो बघून माणूस ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक. दहा वेगळ्या बंगल्यांचे दहा सुंदर फोटो कोणीही दाखवू शकतो. तुम्ही त्याच्याकडे एकाच घराचा पूर्ण सेट मागा, गिऱ्हाइकाला दिला तसाच, त्यात बाथरूम पाहिजे, पॅसेज पाहिजे, किचनच्या मागची चोकडी, म्हणजे भांडी घासायची जागा पाहिजे, आणि शक्यतो साधा 2 बीएचके फ्लॅट पाहिजे. बंगल्याचा हॉल कोणालाही जमतो हो, कस लागतो तो छोट्या बेडरूममध्ये.

सेट हातात आला की मी तीन गोष्टी बघते. भिंती आणि दरवाज्यांच्या चौकटी सरळ उभ्या आहेत का, की वर जाऊन एकमेकींकडे झुकल्यात. खिडकीबाहेरचं काही दिसतंय का, की नुसता पांढरा चौकोन आहे. आणि एकाच रंगाची भिंत हॉलमध्ये पिवळी आणि पॅसेजमध्ये निळसर तर दिसत नाही ना. हे तिन्ही ज्याला जमतं तो ट्रायपॉड लावून, कॅमेरा लेव्हल करून, एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन ते पाच शॉट घेऊन मग ते जोडतो, किंवा फ्लॅश नीट वापरतो. ज्याला जमत नाही तो "एडिटमध्ये करून देतो" म्हणतो. हे वाक्य ऐकलं की मी तिथेच नमस्कार करते.

गोत्रीतल्या एका फ्लॅटचं सांगते. मालक निवृत्त काका, आपलेच मराठी, घर अगदी आरशासारखं ठेवलेलं, हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा. फोटो काढायला त्यांनी भाच्याच्या लग्नात काम केलेला फोटोग्राफर आधीच ठरवून टाकला होता. लग्नात तो उत्तमच असेल, पण इथे त्याने सगळ्यात वाइड लेन्स लावली, दाराच्या कोपऱ्यात उकिडवा बसला आणि धडाधड क्लिक. 10 बाय 11 ची बेडरूम फोटोत हॉलएवढी, बेडचा पुढचा कोपरा ओढून लांब केलेला, कपाटाचं दार तिरकं. झोपाळा बरोबर समोरून घेतलेला, त्यामुळे पाट आणि साखळ्या मध्ये येऊन मागचा अख्खा हॉल झाकलेला. काका खूश, कारण खोल्या मोठ्या दिसत होत्या. फोन पण भरपूर आले.

न्यू जर्सीच्या एका गिऱ्हाइकाला फोटो फार आवडले, त्याने इथे निझामपुऱ्यात राहणाऱ्या मेव्हण्याला बघायला पाठवलं. तो आणि त्याची बायको बेडरूमच्या दारात थांबले, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही, मोबाईलवर आलेला फोटो उघडून समोरच्या भिंतीशी ताडून बघितला आणि म्हणाले, "आ रूम तो नानो छे, बेन," म्हणजे ही खोली तर छोटी आहे. तिथपासून त्यांचा प्रत्येक गोष्टीवरचा विश्वास उडाला. नळ सोडून बघितले, लाइट बिल मागितलं, दस्तऐवज क्लिअर आहे का हे परत परत विचारलं. कार्पेट एरिया कागदावर तंतोतंत खरा होता, काकांनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता, पण फोटोने सांगितला होता.

मग दुसरा माणूस बोलावला. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर घरासाठी साधारण 16 ते 24 एमएमची लेन्स चालते, आकडा जितका लहान तितकी ती वाइड, आणि छोट्या खोलीत जितकं वाइड जाल तितक्या कडा ताणल्या जातात. त्याने बहुतेक फोटो 24 च्या आसपास घेतले, कॅमेरा छातीच्या उंचीवर, घाई नाही. झोपाळा थांबवून बाजूने घेतला, दोन्हीकडच्या साखळ्या सरळ, खिडकीचा उजेड पितळी कड्यांवर पडलेला, आणि मागे हॉल पूर्ण दिसतोय. बेडरूम छोटीच दिसली, पण नीटनेटकी दिसली. फोन कमी आले, पण जे आले त्यांना दारात धक्का बसला नाही, आणि पादऱ्याहून आलेल्या एका कुटुंबाने तो फ्लॅट घेतला. तेव्हापासून प्रत्येक लिस्टिंगमध्ये मी खोल्यांची मापं लिहिलेला साधा प्लॅन फोटोंच्या सोबतच टाकते.

मोबाईलचा 0.5 मोड वापरणाऱ्यांना पण हेच लागू आहे, तो बहुतेक फोनमध्ये 13 एमएमच्या आसपास असतो, म्हणजे त्या लग्नवाल्याच्या लेन्सपेक्षा कमी वाइड नाही.

घरातलं दुखणं एडिटमध्ये पुसायला सांगणं

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून समा, फतेगंज, अकोटा या बाजूला घर बघणारा माणूस आधी पार्किंगची भिंत बघतो. आणि काही मालक फोटोग्राफरला सांगतात की ती ओलीची रेघ तेवढी काढून टाक. तो काढतो, त्याला दोन मिनिटांचं काम आहे. मग गिऱ्हाईक येतं, रेघ दिसते, आणि त्याला वाटतं की इथे अजून काय काय लपवलंय. ती रेघ भावात थोडं कमी-जास्त करून मिटली असती, लपवलेली मिटत नाही.

माझा नियम सरळ आहे. मालक जाताना जे सोबत नेणार आहे ते फोटोतून काढलं तर चालेल, म्हणजे फ्रिजवरची चिठ्ठी, दोरीवरचे कपडे, वायरचा गुंता. घराबरोबर राहणार आहे त्याला हात लावायचा नाही, म्हणजे ओल, भेग, बाल्कनीसमोरचा ट्रान्सफॉर्मर, शेजारची उंच बिल्डिंग. कॉम्प्युटरवर सोफा-पडदे टाकून रिकामी खोली सजवणार असाल तर त्या फोटोवरच तसं लिहा आणि रिकाम्या खोलीचा खरा फोटो शेजारी लावा. नवीन स्कीमवाल्या बिल्डरांनी तर हे फारच जपायला पाहिजे, रेरा, म्हणजे बिल्डरांच्या स्कीमसाठीचा कायदा, त्या 2016 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून कोणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, आणि जाहिरातीत स्कीमचा रेरा नोंदणी नंबर पण टाकावाच लागतो.

"कधीही या, घर उघडंच आहे"

असं फोटोग्राफरला सांगू नका, आणि जो दिशा न विचारता वेळ देतो त्याला घेऊ नका. पूर्वमुखी बंगल्याचा दर्शनी फोटो सकाळचा, पश्चिममुखीचा दुपारनंतरचा. मे महिन्यात भर बाराला घरापुढच्या ओट्यावर काळी सावली आणि बाहेर पांढराफटक उजेड, त्यात कोणीच काही करू शकत नाही. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर लगेच बाहेरचे फोटो ठेवू नका, झाडांवर आणि तारांवर फाटके पतंग लटकत असतात, आधी ते काढून घ्या. पावसाळ्यात ढगाळ आकाशाच्या जागी निळं आकाश चिकटवतात आणि खाली रस्ता ओला चकचकीत, बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

आतल्या दिव्यांचं तर कोणी लक्षातच घेत नाही. हॉलमध्ये पांढरी ट्यूब, पीओपीमध्ये पिवळ्या पट्ट्या, किचनमध्ये तिसरंच काही, मग एकाच भिंतीवर तीन रंग. मी शूटच्या दिवशी एकाच रंगाच्या एलईडी बल्बची पिशवी घेऊन जाते आणि पोचल्यावर आधी बल्ब बदलते, मग चहा. पंखे पुसून बंद ठेवायचे, टॉयलेटचं झाकण पाडायचं, आरशाच्या कपाटात फोटोग्राफर दिसत नाही ना ते त्याच्याच स्क्रीनवर बघायचं. एवढ्याला तासभर जातो. ज्यांना तो तास जड वाटतो ते नंतर सहा महिने "घर जातच नाही" म्हणत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकीच्या चुका

फक्त स्वस्त म्हणून घेऊ नका. रेट घराचा आहे की फोटोमागे, एडिट धरून आहे का, जीएसटी वेगळा का, हे आधी विचारा.

ड्रोनचा हट्ट फ्लॅटसाठी सोडा. आणि बंगल्यासाठी हवाच असेल तर लक्षात ठेवा, बडोद्याच्या हरणी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणजे कारेलीबाग, समा, अलकापुरी सगळं त्यातच आलं. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे का ते बघा, नुसता ड्रोन असून भागत नाही.

तिजोरी, मुलांचे फोटो, दारावरची पाटी, टेबलावरचं आधार कार्ड फ्रेममध्ये नको. मोबाईलवर काढत असाल तर लोकेशन बंद करा.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून घेऊ नका, दाबल्या जातात. ड्राइव्हची लिंक घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आणि हक्काचं लेखी करा. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, पण वेगळा करार झाला नसेल तर. काही फोटोग्राफर बिलाच्या मागे बारीक अक्षरात हक्क स्वतःकडे ठेवतात, मग तुम्ही दलाल बदलला की नवीन दलालाला तेच फोटो वापरता येत नाहीत आणि परत खर्च. बुकिंगच्या आधीच मेसेजवर लिहून घ्या की फोटो कुठेही, कोणत्याही दलालामार्फत वापरता येतील, मोठ्या फाइल मिळतील आणि वॉटरमार्क नसेल. थोडे पैसे आधी द्या, उरलेले सगळ्या फाइल मोठ्या स्क्रीनवर उघडून, एकेक खोली मोजून बघितल्यावर. चोकडीचा फोटो बहुतेक वेळा राहिलेला असतो.